अख्खी यादी पाठवा : मराठीतल्या लहान प्रकाशकांना बेळगाव भागातून खुलं पत्र

प्रिय प्रकाशक मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

बेळगावच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीच्या आसपास जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात मी राहते. दिवसभर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. संध्याकाळी सहा वाजता देवळामागच्या खोलीचं कुलूप काढते आणि साडेआठपर्यंत गावचं वाचनालय चालवते. चार लोखंडी कपाटं, एक लाकडी, दोन बाकं आणि एक टेबल, एवढा पसारा. दाखल रजिस्टरात तीन हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. वर्गणी महिन्याला तीस रुपये, शाळेच्या मुलांना माफ.

मोठ्या प्रकाशनसंस्थांची पुस्तकं बेळगावात दुकानात मिळतात, नसली तर मागवता येतात. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे. तुम्ही वर्षाला आठ-दहा पुस्तकं काढता, तुमचं ऑफिस म्हणजे राहत्या घरातली एक खोली, मुद्रितं तुम्हीच वाचता, गठ्ठे तुम्हीच बांधता आणि प्रदर्शनात टेबलामागे तुम्हीच उभे असता. तुमच्या यादीत एखाद्या नव्या मुलीचा कथासंग्रह असतो, शेजारी मातीच्या आरोग्यावरचं पुस्तक असतं, मग एका परिचारिकेचं आत्मकथन, एखादा अनुवाद, एखादा कवितासंग्रह. ज्याला त्याला आवडलं म्हणून, पटलं म्हणून काढलेलं. ती अख्खी यादी आमच्यापर्यंत यावी, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. आमच्यासाठी म्हणून त्यातून कुणी वेगळं काढलेलं नको.

का, ते जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे भाताची सुगी आटोपली की संमेलनं सुरू होतात. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलन भरतं, आणि भरवणारे गावचेच शेतकरी, शिक्षक, कारखान्यात जाणारी पोरं. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ग्रंथ, पुढे लेझीम, मागे भजनी मंडळ, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, दारोदारी रांगोळ्या. मंडपात खुर्च्या कमी पडतात, मग सतरंज्या येतात. दुपारी पंगती उठतात. ज्यांनी आयुष्यात एकही कवितासंग्रह विकत घेतला नाही, अशी माणसं संध्याकाळपर्यंत कविसंमेलन ऐकत बसतात. आणि मंडपाच्या तोंडाशी चार-पाच टेबलांवर पुस्तकं मांडलेली असतात.

दोन वर्षांमागे शेजारच्या गावच्या संमेलनात अशाच एका टेबलामागे तुमच्यातलेच एक प्रकाशक उभे होते. दिवस उतरला तरी दोन खोकी भरलेलीच होती. त्यांना रात्रीच्या बसनं कोल्हापूर गाठायचं होतं. आम्ही वाचनालयाचे तिघं होतो. मी विचारलं, प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत घेतली तर काय द्याल? त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सगळी? कवितेचीसुद्धा?" म्हटलं, कवितेचीसुद्धा. चौतीस पुस्तकं झाली. दुकानदाराला देतात तेवढी सूट त्यांनी दिली, निम्मे पैसे तिथंच घेतले, निम्मे होळीनंतर पाठवायला सांगितलं. पुस्तकांचं खोकं बैलगाडीतून गावात आलं, कारण दिंडीला आलेली आमची गाडी परतत होती.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

आमच्या वाचनालयात कपाटं विषयवार लावलेली. कादंबऱ्यांना दोन कपाटं, कथांना एक, धार्मिक पुस्तकांना एक, आणि लाकडी कपाटात 'इतर'. त्या 'इतर'मध्ये इतिहास, शेती, आरोग्य, विज्ञान, चरित्रं, सगळंच कोंबलेलं. ते कपाट महिनोन् महिने कुणी उघडत नसे. बिजागरी गंजून करकरायची, त्यामुळे कुणी उघडलंच तर मला टेबलापाशी कळायचं. त्या चौतीस पुस्तकांपैकी पंधरा 'इतर'मध्ये गेली असती. पण त्या दिवशी दाखल करून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून मी सगळी तिसऱ्या कपाटाच्या मधल्या खणात एकत्र उभी केली. नंतर आळसानं म्हणा, तशीच राहिली.

आणि लोक ती नेऊ लागले.

एक उदाहरण जवळून सांगते. रताळ्याची शेती करणारी, चाळिशीतली एक बाई दर शनिवारी येते. मी तिची अक्का. ती फक्त कथा वाचते, कारण बाजाराच्या बसमध्ये एक कथा पुरी होते. त्या खणातला कथासंग्रह तिनं नेला. त्यात एका बहिणीची गोष्ट होती, भाऊ तिला माहेरी जेवायला बोलावतो आणि ताट उचलायच्या आत कागदावर अंगठा घेतो. पुढच्या शनिवारी पुस्तक परत देताना ती रजिस्टरवर सही करून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, ह्ये असं खरंच करतात की ओ. पण आमचा हक्क असतोय काय?" मला तिला नीट सांगता आलं नाही. पण त्याच खणात, त्या कथासंग्रहापासून तीन पुस्तकं सोडून, बायकांच्या मालमत्तेच्या हक्कावरचं एक पातळ पुस्तक होतं. तिनंच बोट दाखवलं. पुढचे पंधरा दिवस ते पुस्तक तिच्याकडे होतं. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे तिला त्या पुस्तकानं सांगितलं. पुढं तिनं काय केलं, ते तिच्या घरचं आहे. मी इथं लिहिणार नाही.

पण कथेनं प्रश्न उभा केला आणि शेजारच्या पुस्तकानं उत्तर दिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही पुस्तकं एकाच प्रकाशकाची होती, हा योगायोग नसावा असं मला वाटतं. ज्या माणसाला ती कथा छापावीशी वाटली, त्यालाच तो कायदाही लोकांपर्यंत न्यावासा वाटला असणार. विषयवार लावलेल्या कपाटात ही दोन पुस्तकं एकमेकांना कधी भेटलीच नसती.

दुसरे आमचे एक निवृत्त जवान. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक गावात पलटणीतून आलेली माणसं आहेत. हे काका बावीस वर्षं नोकरी करून आले आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांशिवाय काही वाचायचे नाहीत. त्या खणातून त्यांनी चुकून एक नदीवरचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठावर होडी होती म्हणून. ते वाचून त्यांनी मला अर्धा तास थांबवलं. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते, गोव्याकडे जाणाऱ्या म्हादईचं पाणीही त्याच डोंगरातलं, मग आपल्या नद्यांवर मराठीत असं कुणी का लिहिलं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तो तुमच्याकडे पोचवते. म्हादईच्या पाण्यावरून लवाद बसला, २०१८ साली निवाडा आला, तीन राज्यांच्या वर्तमानपत्रांत रकाने भरले. पण कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात राहणाऱ्या मराठी माणसाच्या नजरेतून या पाण्यावर लिहिलेलं एक बारकं पुस्तक आमच्या कपाटात असावं, असं फार वाटतं.

आता दुखरा भाग.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं "सीमाभागातील मराठी बांधवांसाठी" म्हणून आम्हाला पुस्तकांचा मोठा गठ्ठा पाठवला. गावात पेढे वाटले गेले. गठ्ठा सोडला तेव्हा एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती निघाल्या. बाकीच्यांत महाराष्ट्रातल्या स्पर्धापरीक्षांची जुनी मार्गदर्शकं, अर्धी फाटलेली मासिकं, आणि कुणाच्या तरी एकसष्टीच्या गौरवग्रंथाच्या अकरा प्रती. देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण गोदामात जे उरलं होतं ते सीमेपलीकडे ढकललं, हे पुस्तकांकडे पाहूनच कळत होतं. त्या चाळीस प्रतींचं काय करायचं, हे परवापरवापर्यंत कळत नव्हतं. पुस्तक रद्दीत घालायला हात धजत नाही.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट फोनवरची आहे. एका प्रकाशकांना मी फोन करून यादी मागितली. त्यांचं ललितेतर फार चांगलं आहे असं ऐकलं होतं. मी कुठून बोलते ते सांगितल्यावर ते प्रेमानं म्हणाले, "अरे वा, सीमाभाग! मग तुम्हाला शिवकालीन पाठवतो. आणि सीमालढ्यावरचं एक आहे, तेही टाकतो." मी म्हटलं, मला विज्ञानाची हवी आहेत, आणि तुमच्या दोन नव्या कादंबऱ्या. ते म्हणाले, "तिकडे चालतील का?"

तिकडे चालतील का. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सीमाप्रश्न आमचा आहेच. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग आताच्या कर्नाटकात आला, २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं साहित्य संमेलन आमच्याच बेळगावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे माझ्या वडिलांनी मला मी चौथीत असताना सांगितलं होतं. माझ्या घरात या लढ्यासाठी लाठ्या खाल्लेली माणसं होऊन गेली. त्यावरची पुस्तकं आमच्याकडे आहेत आणि ती वाचली जातात. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आम्ही सीमाप्रश्न म्हणून जगत नाही. आमच्याकडेही पोरी प्रेमात पडतात, म्हाताऱ्यांना साखरेचा आजार होतो, पोरांना आकाशातल्या तारकांचं कुतूहल असतं, बायकांना रात्री झोप लागत नाही. पुण्यातला वाचक जे वाचायला मागतो, ते आम्हीही मागतो. मराठी टिकवा असं आम्हाला सगळे सांगतात. अहो, ज्या भाषेत चांगली कादंबरी, पोटाच्या विकारावरचं पुस्तक आणि ब्लॅक होलवरचं पुस्तक आपल्या गावात हाताला लागतं, त्या भाषेत पोरं आपोआप राहतात. त्यांना वेगळं बजावावं लागत नाही.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. म्हणजे वाचायची सवय या मातीला नवी नाही, आणि कुणी आमच्यावर उपकार म्हणून ती लावलेलीही नाही.

ललितेतर पुस्तकांबद्दल एक गोष्ट तुम्हाला तिथं बसून लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. मराठीतलं शेतीचं, कायद्याचं, ग्रामपंचायतीचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात सातबारा असतो, ग्रामसेवक असतो, आपले सरकार केंद्र असतं. आमच्याकडे जमिनीच्या कागदाला आरटीसी म्हणतात, कन्नडमध्ये पहाणी. तो कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या संगणकातून कन्नडमध्ये छापून येतो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाऐवजी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बसतात. आमची ती रताळीवाली वाचक कायद्याचं पुस्तक वाचताना दर दोन पानांनी अडत होती, कारण पुस्तकातले सगळे दाखले सातबाऱ्याचे. मी शेवटी एका वहीच्या पानावर दोन रकाने पाडले, एकीकडे महाराष्ट्रातला शब्द, दुसरीकडे आमचा, आणि ते पान पुस्तकात चिकटवलं. कारवार, बीदर, भालकी, निपाणी, सगळीकडचा मराठी वाचक असाच अडत असणार. पुस्तकाच्या शेवटी कर्नाटकातल्या वाचकासाठी असं एक पान घालायला तुम्हाला किती खर्च येईल? मजकूर हवा असेल तर मी लिहून देते. आमच्या पंचायतीतलेच लोक तपासून देतील.

भाषेचं आणखी एक आहे. आमच्या गावात एक पोरगा कथा लिहितो. रंग कारखान्यात कामाला जातो, रात्री लिहितो. त्यानं एक कथा एका संपादकांना पाठवली. कथेतली दहावीतली मुलगी आईला म्हणते, "मी येतो गं." संपादकांनी तिथं लाल गोल करून 'जाते/येते' असं लिहिलं, वर 'लिंग तपासा' असा शेरा. आता आमच्याकडे, आणि कोल्हापूरकडेही, पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. माझी आई बोलायची, मीही घरी बोलते. पोरगं त्या शेऱ्यावर काही बोललं नाही. त्यानं अख्खी कथा पुन्हा लिहिली, पुण्याच्या मुलीसारखी बोलणारी मुलगी करून. मला वाचायला दिली. कथा सुरेख होती, पण त्यातलं घर आमचं राहिलं नव्हतं. तुमच्या यादीत तऱ्हेतऱ्हेचे विषय असतील, पण सगळ्या पुस्तकांतली माणसं एकाच गल्लीतल्यासारखी बोलत असतील, तर ती यादी अजून भरायची आहे. लाल गोल करायच्या आधी एकदा लेखकाला फोन करा, एवढीच विनंती.

आमच्याकडे लिहिणारी माणसं कमी नाहीत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या, गॅरेजमधल्या पोरांच्या कथा लिहीत राहिले. वडगाव-खासबागेत विणकर आहेत, उद्यमबागेत भट्टीसमोर उभी राहणारी माणसं आहेत, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेला दर वर्षी लाखानं माणूस जातो, त्यात महाराष्ट्रातलीही पुष्कळ. यातल्या एकेका विषयाचं पुस्तक व्हावं. ललित असो वा ललितेतर, मला फरक पडत नाही. खण तोच आहे.

कन्नडबद्दलही मोकळेपणानं लिहिते, कारण पुण्या-मुंबईत बसून काही लोकांना वाटतं की आम्ही कन्नड पुस्तकाला हात लावत नसू. आमच्या घरपट्टीत कर्नाटकाच्या १९६५च्या कायद्यानं ग्रंथालयाचा उपकर असतो, पंचायतीचं ग्रंथालय त्यातून चालतं, आणि आमची पोरं तिथं जाऊन कन्नड पुस्तकं वाचतात. वाचावीत. घरात मराठी बोलणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी झाले. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी कन्नडमधलं केवढं तरी मराठीत आणलं. सुळेभावीसारख्या आमच्या जिल्ह्यातल्या गावात जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं कुणाचं, असं इथं कुणी विचारत नाही. दोन्ही भाषा येणारी पोरं आमच्या गावागावात आहेत. अनुवादक हवा असेल तर पुण्यात शोधत बसण्याऐवजी इकडे विचारा. रोजच्या बोलण्यात शंभर वेळा या भाषेतून त्या भाषेत जाणारी माणसं आहेत ही. त्यांना संपादकाचा हात मिळाला तर चांगले अनुवाद होतील.

आता छपाईचं. हे बोलणं तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण वाचनालयवाल्याला यानं रडू येतं. आमच्याकडे पाऊस जूनला सुरू होतो तो सप्टेंबर संपला तरी पुरता जात नाही. भिंती पाझरतात, कपाटात कापराच्या वड्या आणि कडुनिंबाचा पाला ठेवावा लागतो. नुसत्या डिंकानं चिकटवलेलं पुस्तक पहिल्या पावसाळ्यात फुगतं आणि दुसऱ्यात त्याची पानं हातात येतात. त्या चौतीस पुस्तकांतली एकोणीस दोऱ्यानं शिवलेली होती, ती आजही घट्ट आहेत. बाकीच्यांपैकी सहांची पानं मी सुई-दोरा घेऊन स्वतः शिवली. कादंबरीची शेवटची सोळा पानं गळून हरवली तेव्हा वाचणारी आजी इतकी हळहळली, की मी तुमच्यातल्या त्या प्रकाशकांना फोन करून शेवट विचारून घेतला आणि तिला तोंडी सांगितला. त्यांनी नंतर नवी प्रत पाठवली, फुकट. त्यांचे आभार इथं जाहीर मानते. पण वाचनालयासाठी म्हणून पन्नास-शंभर प्रती शिवून काढता येतील का, पाहा. किंमत थोडी वाढली तरी आम्ही देऊ.

फुकट नको, हे मुद्दाम लिहिते. फुकटच्या पुस्तकात निवड देणाऱ्याची असते. आम्हाला विकत घ्यायची आहेत, हळूहळू, हप्त्यानं. दुकानदाराला देता तेवढी सूट वाचनालयाला द्या. न खपलेलं परत घेण्याची अट आम्ही घालणार नाही. आमच्याकडे खपण्याचा प्रश्नच नाही, एक प्रत शंभर हातांत जाते.

पाठवायचं कसं, ही तुमची अडचण मला माहीत आहे. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं तेव्हा तुमच्याइतकाच त्रास आम्हाला झाला, कारण स्वस्तात पाच किलोचा गठ्ठा यायचा तो थांबला. मे २०२५पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही टपालाची नवी सेवा आली आहे, पाच किलोपर्यंत शंभर रुपयांच्या आसपास पडतं. त्याच्या अटी आपल्या कुठल्या पुस्तकांना लागू होतात, तेवढं पोस्टात विचारून घ्या. लागत असतील तर सगळ्यांत सोपं. नाहीतर बसनं पाठवा. डिसेंबर २०२२मध्ये सीमेवर वातावरण तापलं आणि महाराष्ट्राच्या एसटी थांबल्या, तेव्हा आमचं एक पार्सल कोल्हापुरातच अडकून बसलं होतं. चार दिवसांनी आमच्या गावचा दुधाचा टेम्पोवाला तिकडे गेला, त्यानं आणलं. तेव्हा तसंही चालेल. फक्त खोक्याच्या आत प्लास्टिक घाला आणि वर काय आहे त्याची यादी चिकटवा.

आणि शक्य असेल तर स्वतः या. पौष-माघात या. तेव्हा एकेका रविवारी कुठल्या तरी गावात संमेलन असतंच. टेबल आम्ही देतो, जेवायला पंगत आहे, राहायला घरं आहेत. टेबलावर शिवकालीन पुढे आणि बाकीची खाली खोक्यात, असं करू नका. सगळी मांडा. कवितांचीसुद्धा. दुपारी बायका मोकळ्या झाल्या की येतील, त्या पुस्तक हातात घेऊन मागचं पान वाचतील, किंमत बघतील, ठेवून जातील आणि तासाभरानं पुन्हा येतील. त्या वेळी तुम्ही टेबलापाशी असा. त्या काही तरी विचारणार असतात. पुस्तकातल्या माणसांविषयी विचारतात, लेखक कुठला, खरंच असं घडलं का, पुढं काय झालं. ज्यानं पुस्तक काढलं तोच समोर उभा आहे हे कळलं, की आमच्याकडची बाई तुम्हाला घरी चहाला नेल्याशिवाय सोडत नाही.

तिसऱ्या कपाटातला मधला खण आता पुरता भरला आहे. खालचा मी या रविवारी रिकामा केला. त्या एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती दोन शाळांत आणि तालमीत वाटून टाकल्या, एकेक, मागेल त्याला. खण पुसून, नवा कागद अंथरून, कापूर ठेवून तयार आहे. मोजून पाहिलं, साधारण चाळीस पुस्तकं बसतील, जाड कादंबऱ्या असतील तर थोडी कमी.

आपली,
मार्कंडेयकाठच्या एका गावच्या वाचनालयाची अक्का